रेणुकासारखा आलेख

देऊळघाट, पिंपळगाव राजा अशा गावांतल्या चाळीस विहिरींचं गणित जीवनने आठ महिने खपून बसवलं होतं. बुलडाण्याच्या एका संस्थेत तो नोकरीला होता. दर पंधरा दिवसांनी विहिरीत टेप सोडून पाणी किती खोल आहे ते मोजायचं आणि कोणती विहीर कधी आटेल याचा अंदाज काढायचा, हे त्याचं काम. त्यासाठी ज्युलिया ही संगणकाची भाषा तो स्वतःच शिकला. गणितात ती चपळ होती. आलेख मात्र त्याला तिच्यात धड काढता येत नव्हते.

जूनमध्ये रेणुका आली. तिला पायथन ही दुसरी भाषा यायची. जीवनने आकडे पाठवायचे, तिने पायथनमध्ये आलेख काढायचे, असं साहेबांनी ठरवलं. पहिल्याच बैठकीत तिचा आलेख पडद्यावर आला आणि साहेब म्हणाले, "वा! आता समजलं काय काम झालं ते."

आता समजलं? मग आठ महिने मी काय करत होतो, असं जीवनच्या मनात आलं. पुढे नांदुऱ्याच्या कचेरीतून फोन यायचे तेही 'रेणुका मॅडमचा आलेख' पाठवा म्हणून. तो तिच्या कामात खुसपटं काढू लागला. रंग भडक आहेत, अक्षर बारीक आहे. ती वाद न घालता बदलून द्यायची, आणि त्याने तो जास्तच चिडायचा.

मग जानेवारीत त्याला कळलं, की पायथनची आलेख काढायची हत्यारं ज्युलियात बसूनच वापरता येतात. जोडणी करायला दोन दुपारी गेल्या. तिसऱ्या दुपारी पडद्यावर रेघ उमटली. रेणुकाच्या आलेखातलीच निळाई, तीच अक्षरं. आता हिची गरज नाही, हा त्याचा पहिला विचार.

"देऊळघाटच्या सभेचे आलेख मीच काढून राह्यलो, साहेब," त्याने सांगितलं.

"रेणुकाले बोलला?"

"बोलतो ना." तो बोलला नाही.

गावकऱ्यांच्या सभेला रेणुका मागच्या खुर्चीवर बसली. पडद्यावर मंजुळाबाईंच्या विहिरीचा आलेख आला. हिवाळ्यापासून निघालेली अंदाजाची रेघ मे महिन्यापर्यंत वर वर चढत गेली होती. मंजुळाबाई उभ्याच राहिल्या.

"भाऊ, माही विहीर तं मार्चातच तळाले जाते. तुमच्या इथं पाणी चढून राह्यलं!"

लोक हसले.

"काकू, ती खोली आहे. रेघ वर गेली म्हणजे पाणी खाली गेलं."

"मंग वर काऊन दाखवता?"

जीवनने पडद्याकडे वळून पाहिलं. रेणुकाच्या आलेखात जमीन वर असायची आणि रेघ खाली बुडत जायची. सात महिने तिच्या रंगांवरच डोळा ठेवताना त्याने हे पाहिलंच नव्हतं.

रेणुका गप्प बसू शकली असती. ती उठून त्याच्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "सर, उभा अक्ष उलटा करा. एकच ओळ लिहा लागते." तिने सांगितली तशी त्याने ती लिहिली. रेघ खाली उतरली.

"हां," मंजुळाबाई बसता बसता म्हणाल्या, "हे माही विहीर."

परतताना बसस्टॉपवर रेणुकाने विचारलं, "मले काऊन नाही सांगितलं?"

काहीतरी खोटं सांगायचं त्याच्या ओठांवर आलं होतं. "तुमचं नाव होऊन राह्यलं होतं," तो म्हणाला. "मले पाहवत नव्हतं."

ती रस्त्याकडे पाहत म्हणाली, "साहेब मले काय म्हणतात मालूम आहे? डोकं जीवनचं, तू फक्त रंग भर. मी घरी ज्युलिया शिकून राह्यली, सर. तुमच्यावर जळूनच."

बस आली. दोघं वेगवेगळ्या बाकांवर बसले.

सोमवारी तो स्वतः तिच्या टेबलाशी खुर्ची घेऊन गेला आणि दोन्ही भाषा कशा जोडल्या ते दाखवलं. तिने भराभर टिपून घेतलं. गुरुवारी तिने त्याच्या अंदाजातली एक चूक काढली. पिंपळगाव राजाच्या तीन विहिरी त्याने दोनदा धरल्या होत्या. चूक खरीच होती. आधी त्याला तिचे रंग भडक आहेत असंच म्हणावंसं वाटलं. मग खुर्ची पुढे ओढून तो म्हणाला, "कुठं, दाखवा."