मास्तरांनी अडवलेली राजधानी

हे कुणाला खरं वाटणार नाही, असं टेलरमास्तरांनी आधीच सांगून टाकलं. "पण मी एका परक्या राजधानीची अख्खी वाहतूक एका टेपनं बंद पाडली आहे."

लेकीच्या घरी हॉलमध्ये सगळे बसले होते. नवी नात झोपली होती. बायको दुपट्यांच्या घड्या करत होती. जावई पुढे सरकला आणि मास्तरांना चेव चढला.

झालं ते असं. लेकीचे दिवस भरले होते. "तुम्ही आल्याशिवाय मी दवाखान्यात जायची नाही," असं फोनवर रडून तिनं दोघांना बोलावून घेतलं होतं. वाटेत विमान बदलायचं होतं आणि अर्धा दिवस मोकळा होता. विमान कंपनी बसमधून शहर दाखवते, तेही फुकट, म्हटल्यावर मास्तर कसले ऐकतात.

"अहो, इथंच बाकावर बसू. लेकीकडे जीव लागलाय माझा," बायको म्हणाली.

"मग बाकावर बसून विमान लवकर येणार आहे का?"

शहर म्हणजे नुसता गलका. माणसं अशी पळत होती, जणू सगळ्यांचीच दुधं उतू चालली आहेत. गाइडबाईंनी कारंज्यापाशी उतरवलं आणि बजावलं की बस कुणासाठी थांबणार नाही. मास्तरांनी मान डोलावली. तेवढ्यात समोरून एक कोट गेला.

कापड उंची, पण उजवा खांदा उतरलेला, पाठीत घोळ. एवढ्या चांगल्या कापडाचं वाटोळं कुणी केलं, हे जवळून पाहिल्याशिवाय मास्तरांना राहवेना. चार पावलं म्हणता म्हणता दोन गल्ल्या मागे पडल्या. कोटवाला एका इमारतीत शिरला, दार लागलं आणि मास्तर भानावर आले. वळून पाहतात तर कारंजं नाही, बस नाही, बायको नाही. पासपोर्ट तिच्या पर्समध्ये.

एकाला विचारलं, त्यानं डावीकडे हात केला. दुसरीनं उजवीकडे केला. विमान चुकलं तर लेक हट्टानं घरीच बसून राहील, कळा आल्या तरी, या एका विचारानं मास्तर धावतच सुटले. धावता धावता धोतराचा सोगा पायात येत नव्हता एवढंच, कारण त्या दिवशी पँट होती.

शेवटी बस दिसली. पण पलीकडे. मध्ये नदीएवढा रस्ता आणि गाड्यांची रांग तुटतच नव्हती. बसचं इंजिन सुरू झालेलं.

"मग?" जावयानं विचारलं.

मग मास्तरांनी गळ्यातली टेप काढली. एक टोक दिव्याच्या खांबाला अडकवलं आणि चेहरा गंभीर करून सरळ रस्त्यात उतरले. खिशातल्या खडूनं डांबरावर एक रेघ मारली, मान हलवली, दुसरी मारली. गाड्या थांबल्या. सरकारी मोजणी म्हटल्यावर हॉर्न वाजवायची छाती कुणाची? एक पोलीस धावत आला, सलाम ठोकून त्यानं टेपचं टोकच धरलं. मागे कुणा मंत्र्याचीही गाडी अडकली होती. मोजत मोजत ते पलीकडे पोचले आणि बसमध्ये चढले.

"आणि टेप?"

"तिथंच राहिली. बिचारा अजून धरून उभा असेल."

बायकोनं दुपटं खाली ठेवलं.

"पुरे आता. हरवली होती ती मी. त्या कोटाचं काज उसवलं होतं, आणि दुकानात काजं मी करते, म्हणून मागे गेले. तुम्ही बसच्या पायरीवर दांडा धरून बसला होतात. ड्रायव्हर ओरडतोय, गाइड ओढतेय, आणि यांचं आपलं एकच, रडत रडत, आपल्याच भाषेत: बायको आल्याशिवाय बस हलवायची नाही."