मधोमध लावलेलं गंध

मित्रांनो, काच म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे खिडकी येते, नाही तर फुटलेला पेला. मी त्यातली नव्हे. मी फोटोची काच, तीही जुनी. एके काळी आकाशाचे फोटो आमच्यासारख्या काचांवर घेत. आमच्या एका बाजूला पातळ लेप असतो, आणि उजेड पडला की तो काळा होतो. म्हणून माझ्यावर सगळं उलटं आहे, आकाश पांढरं आणि तारे काळे. आणि माझा तोरा भारी होता, हेही आधीच सांगून टाकते.

पन्नास वर्षांपूर्वी एका डोंगरावरच्या दुर्बिणीत मला बसवलं. दोन तासांत माझ्यावर दोन दीर्घिका उतरल्या. एकेका दीर्घिकेत अब्जावधी तारे असतात बरं का! या दोघी एकमेकींत शिरत होत्या आणि दोघींच्या मागे लांब शेपट्या ओढल्या गेल्या होत्या. "काय झकास आलंय!" असं म्हणत लोक माझ्यावर वाकून बघायचे. मग मला कागदी पाकिटात घातलं, वर क्रमांक टाकला आणि चेन्नईच्या एका संशोधन संस्थेत लोखंडी कपाटात उभं केलं. संपलं कौतुक. पुढे संगणक आले, आणि काचेला कोण विचारतो?

विचारणारे नव्हते, पण सांभाळणारे एक होते. बालाजीराव. तंजावरकडच्या मराठी घरातले, चेन्नईतल्याच तिरुवल्लिकेणीहून बसने यायचे. कपाटाची किल्ली त्यांच्याकडे असायची. हवेत दमटपणा वाढला की ओल शोषणाऱ्या पुड्या न चुकता बदलायचे. पाकीट उघडायचं नाही, काचेला हात लावायचा नाही, हा नियम त्यांनी तीस वर्षं पाळला. इतका पाळला की आत मी कशी दिसते, माझी लेपाची बाजू कुठली, हे त्यांनी कधी पाहिलंच नाही.

मला मात्र एक गोष्ट फार डाचायची. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, आयुधपूजेला, संस्थेतल्या प्रत्येक यंत्राला गंध-कुंकू लागायचं. सूक्ष्मदर्शकाला, ड्रिल मशीनला, दारातल्या स्कूटरला, अहो, झेरॉक्सच्या मशीनलासुद्धा! आम्हा काचांच्या वाट्याला कपाटाच्या दारावर एक ठिपका. बस्स. कागद गिळून अडून बसणाऱ्या त्या झेरॉक्सला मान, आणि मी काय घोडं मारलं होतं? दर वर्षी मी आतल्या आत चरफडायची.

गेल्या वर्षी साताऱ्याची संयुक्ता आली. पीएच.डी. करणारी, चुणचुणीत मुलगी. तिने माझाच क्रमांक सांगितला तेव्हा मी मोहरून गेले.

"ह्या दोघी आपटतात होय मा?" बालाजीरावांनी तिला विचारलं. मुलींना ते तमिळ रीतीने लाडाने 'मा' म्हणायचे.

"तारे नाही आपटत, काका. त्यांच्यात खूप अंतर असतं. पण वायू आपटतो, दाबला जातो, आणि नवे तारे भराभर जन्मतात. काही वायू मधोमध ओढला जातो. तिथलं कृष्णविवर तो खाऊ लागलं की मधला भाग झळाळतो. शेवटी वायू सरतो, नवे तारे थांबतात आणि दोन चक्राकार दीर्घिकांचा मिळून एक मोठा गोळा उरतो."

"अय्यो! मग नाव कोणाचें राहतें?"

"दोघींचंही नाही," संयुक्ता हसली.

"आमच्या भाषेचें तसेंच. मराठी किती, तमिळ किती, आम्हांलाच ठावें नाही."

मग तिने आपली अडचण सांगितली. आज त्या दोघींचा मध्य लखलखतोय. पण पन्नास वर्षांपूर्वी तो लखलखत होता का? नसेल, तर ते कृष्णविवर आपल्या डोळ्यांदेखत जागं झालं म्हणायचं. तिच्या सगळ्या प्रबंधाचा जीव एवढ्या प्रश्नात होता. आणि त्या दोघींचा इतका जुना फोटो जगात दुसरा नव्हता. माझ्यावरचा मधला डाग किती काळा आहे, तेवढं मोजलं की उत्तर मिळणार होतं.

दुसऱ्या दिवशी आयुधपूजा होती, म्हणून मोजणी विजयादशमीला ठरली. विद्येला आरंभ करायचा तो चांगला दिवस. पूजेच्या सकाळी बालाजीरावांनी आयुष्यात पहिल्यांदा पाकीट उघडलं आणि मला टेबलावर ठेवलं. "इतक्या वर्षांनीं तुला कोणीं तरी बोलावलें," असं पुटपुटत त्यांनी ओलं गंध उगाळलं आणि माझ्या मधोमध टिळा लावला, वर कुंकू. मधोमधच लावणार ना, टिळा आणखी कुठे लावतात! मित्रांनो, खोटं कशाला सांगू, मला तेव्हा आकाश ठेंगणं झालं. झेरॉक्सकडे मी ऐटीत पाहिलं.

ते गंध लेपाच्या बाजूला लागलं होतं. पूजेला ठेवलेल्या वस्तूला त्या दिवशी हात लावायचा नसतो. त्यामुळे दिवसभर, रात्रभर ते तसंच राहिलं, आणि त्या दमट हवेत माझा लेप फुगून सुटत गेला.

विजयादशमीला बालाजीरावांनी ओल्या कापसाने अगदी हलक्या हाताने टिळा पुसला. गंध निघालं, आणि गंधाबरोबर लेपही निघाला. संयुक्ताने मला खिडकीच्या उजेडात धरलं. शेपट्या शाबूत होत्या. मध्ये मात्र टिकलीएवढी स्वच्छ काच होती आणि तिच्यातून बाहेरचं कडुलिंबाचं झाड दिसत होतं.

"काका, दुसरी काच?"

"नाही मा. ही एकच." ते कापसाकडे बघत म्हणाले. "मींच लावलें. तुमचें काम नीट व्हावें म्हणून लावलें."

संयुक्ताने मला परत पाकिटात घातलं. प्रबंधात त्या जागी तिने एक ओळ लिहिली, जुनी नोंद उपलब्ध नाही. महिन्याभराने बालाजीराव निवृत्त झाले. निरोपाचा हार घालून घेताना ते कपाटाकडे पाठ करून उभे होते. त्यांना मी दोष देत नाही. टिळ्याची हाव मलाच होती, आणि ती मला जन्मभर खात राहील.

मित्रांनो, जुन्या वस्तूला नुसतं कुलूप लावू नका आणि नुसता हारही घालू नका. ती कशाची बनली आहे, तिला काय सोसतं, हे आधी पाहा. नसेल कळत, तर जाणत्याला विचारा. विचारायला वेळ लागतो, पण लागू दे.

त्या दोघींचा मध्य तेव्हा लखलखत होता की नव्हता? हे जगात फक्त मला माहीत होतं. आता कितीही विचारा, मलाही ते आठवत नाही.