अक्रोडाची बेचकी

कुवेतमध्ये, अर्दियातल्या लाकडाच्या वखारीत मी चार वर्षं कुऱ्हाड चालवत होतो. थंडीत कुवेती लोक वाळवंटात तंबू ठोकतात. त्यांच्या शेकोट्यांसाठी जळण फोडायचं, एवढंच माझं काम. मी कासम, राजापूरकडचा, तीन पिढ्यांचा सुतार. पण विजेची मोठी करवत होती नाशिकच्या जयप्रकाशच्या ताब्यात, आणि तो मला लाकूडतोड्या म्हणायचा. ऐकून अंगाचा तिळपापड व्हायचा. मला ती करवत हवी होती, दुसरं काही नको होतं.

सत्त्याण्णवच्या डिसेंबरात तुर्कस्तानातून अक्रोडाचे ओंडके आले. सरळ होते ते फळ्यांसाठी गेले. उरली एकोणीस बेचकी, बुंध्याला दोन फांद्या फुटतात तिथली. यांचं काय करायचं, असं मालक अबू फहदनं विचारलं आणि कुणी तोंड उघडायच्या आत मीच शहाणपणा केला. आमच्याकडे सागाचं, फणसाचं बेचकं थेट चुलीत जातं. जळण, म्हणालो. मालकानं ती लगेच एका तंबूवाल्याला देऊन टाकली. दुपारी त्याचा ट्रक येणार होता.

पहिलं बेचकं मी पाचरी ठोकून फोडलं आणि हात थांबले. आत, फांद्या मिळतात तिथं, लाकडाला निऱ्या पडल्या होत्या, आईच्या लुगड्याला पडायच्या तशा. पाणी शिंपडलं तर गडद तपकिरी, जांभळट रंग वर आला. असं लाकूड मी जन्मात पाहिलं नव्हतं, आणि तेच चुलीत घालायला निघालो होतो. स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली.

ढलपा घेऊन ऑफिसात गेलो आणि माझं चुकलं म्हणून सांगितलं. जयप्रकाश हसला. सकाळी हे जळण होतं, आता सोनं कसं झालं, असं त्यानं विचारलं. याची फळी निघणारच नाही, फुटेल, म्हणाला.

मी मालकाकडे वळलो. "एकदा करवत माझ्या हातात द्या. फळी वाया गेली तर पुन्हा करवतीचं नाव काढणार नाही."

अबू फहदनं घड्याळ पाहिलं आणि होकारार्थी मान हलवली.

दोन्ही फांद्या आणि बुंधा एका पातळीत धरून बरोबर मधून कापायचं होतं. बोटभर चुकलं की निऱ्यांचा भुसा. बापानं शिकवली तशी दोरी ताणून रेघ मारली आणि करवत चालू केली. बेचकं हळूहळू पात्यावर सरकवलं.

ओंडका उघडला. दोन्ही फळ्यांवर त्याच निऱ्या, आरशात पाहाव्यात तशा समोरासमोर. कुठं तडा नाही. अबू फहदनं त्यांवरून तळवा फिरवला, मग फोन उचलून तंबूवाल्याला बाभळीचं जळण पाठवतो म्हणून कळवलं. उरलेली सतरा बेचकी कासमच कापणार, असं त्यानं जयप्रकाशला सांगितलं, आणि त्यानंतरचं सगळं लाकूडही.

मी इतका खूश झालो की ओरडावंसं वाटलं. ओरडलो नाही. पुढचं बेचकं पुढ्यात ओढलं. जयप्रकाश पुढे आला. त्यानं दुसरं टोक धरलं.

"कासमभाई," तो म्हणाला, "कसं धरू, सांगा."

मी सांगितलं तसं त्यानं धरलं.