पॉइंटाचं समाजशास्त्र

लातूर जिल्हा होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. पाट्या बदलल्या होत्या, कचेऱ्यांना खुर्च्या यायच्या होत्या. पाऊस जुन्या जिल्ह्यातच राहिला की काय, असं लोक म्हणायचे. पण उस्मानाबादकडेही तो नव्हता.

अहमदपूरच्या एका कॉलेजात पंचशीला सोनकांबळे समाजशास्त्र शिकवायची. माहेर नांदेड जिल्ह्यातलं, नायगावकडचं. तिची आत्या सरजाबाई लिंबवाडीला दिलेली होती आणि लिंबवाडी अहमदपूरहून एसटीनं तासाभराच्या आत. त्या उन्हाळ्यात पंचशीला आत्याकडे गेली, त्याच दिवशी गावात सरकारी जीप आली. सार्वजनिक बोअरसाठी जागा शोधायची होती.

जीपमधून विरूपाक्ष स्वामी नावाचे भूवैज्ञानिक उतरले. त्यांनी बौद्ध वस्तीत विहाराच्या मागे जमिनीत लोखंडी सळया ठोकल्या, तारा जोडल्या आणि पेटीतल्या सुईवर नजर लावली. सळया लांब-लांब नेत ते आकडे टिपत होते. "छान आहे," असं ते स्वतःशीच दोनदा म्हणाले. पंचशीलानं ते स्वतःच्या कानांनी ऐकलं. मग सरपंच शेषेरावांच्या ओसरीवर चहा झाला. चहानंतर बोअरचा पॉइंट निघाला तो शेषेरावांच्या उसाच्या कडेला.

बोअरला पाणी लागलं. शेषेरावांनी त्यावर स्वतःची मोटर बसवली, आणि लाईट असली व मर्जी असली की वस्तीतल्या बायांना दोन घागरी मिळू लागल्या.

"यंत्रानं सांगितलं म्हनं," सरजाबाई म्हणाली. "माय, यंत्र च्या पिऊन आलं आन त्येचं मन बदललं."

बाया हसल्या. पंचशीलाही हसली, पण परतीच्या एसटीत तिला ते काही सुटेना. सुई थांबते वस्तीत आणि खूण पडते उसात. मधल्या वेळात विज्ञानाचं नेमकं काय होतं? औरंगाबादच्या ग्रंथालयात तिनं वाचलं होतं की परदेशात लोक प्रयोगशाळांत जाऊन बसतात आणि शास्त्रज्ञ निष्कर्षापर्यंत कसे पोचतात ते बघतात. त्याला संशोधन म्हणतात, त्याला अनुदानही मिळतं. इथं प्रयोगशाळा म्हणजे एक जीप होती, एवढाच फरक.

तिनं दिल्लीच्या एका संशोधन परिषदेकडे अर्ज करायचं ठरवलं आणि प्राचार्य हणमंतराव बिराजदारांकडे सहीला गेली.

"मॅडम, विज्ञानाचं सायन्सवाले बघतील," प्राचार्य म्हणाले. "तुम्ही हुंडा घ्या." मग त्यांच्या लक्षात आलं. "म्हणजे, विषय म्हणून."

"सर, विषय हाच आहे."

त्यांनी उसासा टाकून सही केली.

अर्ज परत आला. परिषदेच्या यादीत लातूर नावाचा जिल्हा नव्हता. सदर जिल्हा अस्तित्वात असल्याचा पुरावा जोडावा, असं कळवलं होतं. तिनं राजपत्राची प्रत मिळवली, साक्षांकित करून पाठवली. मग नांदेडच्या विश्रामगृहावर मुलाखतीचं बोलावणं आलं.

मुलाखतीला तीन तज्ज्ञ होते. दिल्लीचे साहेब इंग्रजीत बोलत होते, पुण्याचे स्वच्छ मराठीत, आणि तिसरे पंख्याखाली डोळे मिटून होते. बाहेर टँकर उभा होता. तज्ज्ञांच्या आंघोळीचं पाणी वर चढत होतं.

"तुमची सैद्धांतिक चौकट कोणती?" पुण्याचे म्हणाले.

तिनं सांगितली. त्यांनी मान हलवली, पण ती चौकट अलीकडे जुनी झाली आहे असं म्हणाले. नवी कोणती, ते त्यांनी सांगितलं नाही.

दिल्लीचे साहेब मात्र पेटले. विज्ञान जात पाहत नाही, असं ते ठासून म्हणाले. तेव्हा तुमचं गृहीतकच अशक्य आहे आणि अशक्य गोष्टीला पैसा कसा देणार?

"यंत्र जात बघत नाही, सर, खरं आहे," पंचशीला म्हणाली. "यंत्रानं सांगितल्यावर कोण काय बघतं, तेवढंच मला बघायचं आहे."

"हे समाजशास्त्र झालं," पुण्याचे म्हणाले.

"हो सर. मी त्याचाच अर्ज केलाय."

तिसऱ्या तज्ज्ञांनी डोळे उघडले. "हुंड्यावर काही का करत नाही?" त्यांनी आपुलकीनं विचारलं आणि पुन्हा मिटले.

नकाराचं पत्र एका ओळीचं होतं.

पुढच्या वर्षी दुष्काळ आणखी वाढला. दिल्लीत कुणाला तरी वाटलं की दुष्काळी भागात पाण्याच्या आधी वैज्ञानिक दृष्टी पोचवावी. परिषदेनं खास योजना काढली. एका सकाळी प्राचार्यांनी पंचशीलाला बोलावून पेढा दिला. 'ग्रामीण जनतेतील अवैज्ञानिक वृत्ती' हा त्यांचा प्रकल्प मंजूर झाला होता. प्रकल्पप्रमुख हणमंतराव बिराजदार, क्षेत्रसहायक पंचशीला सोनकांबळे.

तिनं प्रकल्प वाचला. तिचीच पानं होती. फक्त जिथं तिनं 'अधिकारी' लिहिलं होतं, तिथं 'गावकरी' झालं होतं. पॉइंट कसा ठरतो हा प्रश्न गेला होता. ठरलेल्या पॉइंटावर गावकरी विश्वास का ठेवत नाहीत, हा प्रश्न आला होता.

"सर, हे माझं आहे."

"मॅडम, तुमच्या नावावर नाकारलं होतं त्यांनी. माझ्या नावावर दिलं. काम तर तुमच्या आत्याच्याच गावात होणार ना?" त्यांना खरोखरच आपण उपकार केल्यासारखं वाटत होतं. दुसरा पेढा त्यांनी पुढे केला.

पंचशीला स्टाफरूममध्ये येऊन बसली. राजीनाम्याचा कागद तिनं पुढ्यात घेतला, तारीखही घातली. मग लिंबवाडीच्या बाया उसाच्या बांधावर घागरी घेऊन ताटकळताना तिला दिसल्या. तिनं कागद बाजूला सारला, चूळ भरली आणि पुन्हा प्राचार्यांकडे गेली.

"सर, एक सुचलं. लोकांना प्रश्न विचारण्याआधी विज्ञान प्रत्यक्ष दाखवायला हवं. भूवैज्ञानिक बोलवू. सगळ्या गावासमोर मोजणी. तुमचं भाषण."

"फोटोग्राफर?" प्राचार्यांनी विचारलं.

"लातूरहून आणू."

"वा!" प्राचार्य म्हणाले.

कार्यक्रम विहारासमोर झाला. मांडव, सतरंजी, हार, आणि प्रमुख पाहुणे म्हणून शेषेराव. विरूपाक्ष स्वामी सळया घेऊन आले. पंचशीलानं त्यांना एकच विनंती केली: प्रत्येक आकडा मोठ्यानं सांगायचा, म्हणजे लोकांना विज्ञान समजेल. आकडा खाली उतरत गेला की खाली पाण्याचा संभव, एवढं तिनं आधी समजावून दिलं आणि हातात कोळसा घेऊन विहाराच्या चुना दिलेल्या भिंतीपाशी उभी राहिली.

स्वामी आकडे सांगू लागले. आधी हळू, मग पोरीबाळी पाठोपाठ ओरडू लागल्या म्हणून मोठ्यानं. भिंतीवर आकडे उतरत गेले. मग सगळी मिरवणूक शेषेरावांच्या उसापर्यंत गेली, तिथं मोजणी झाली. ते आकडेही भिंतीवर आले. ते फारसे उतरले नव्हते. तिथलं पाणी वर्षभर उपसून झालं होतं.

प्राचार्यांनी भाषण केलं. अंधश्रद्धा, एकविसावं शतक, विज्ञान. शेवटी हात उंचावून त्यांनी विचारलं, "आता तरी विज्ञानावर विश्वास ठेवाल की नाही?"

"हाव, ठेवला," सरजाबाई पुढे येऊन म्हणाली. "लई ठेवला. आता खूण करा."

"खूण?"

"पॉइंटाची. भित्तीवर लिवलंय की."

मांडवात चुळबुळ सुरू झाली. "करा, करा," मागून बाया म्हणाल्या. स्वामींनी शेषेरावांकडे पाहिलं. शेषेरावांनी प्राचार्यांकडे पाहिलं. प्राचार्यांनी फोटोग्राफरकडे पाहिलं, आणि फोटोग्राफरला वाटलं साहेबांची खूण आहे. त्यानं फ्लॅश उडवला.

"ह्या गोष्टी पंचायतीत ठरत्यात," शेषेराव उठून म्हणाले.

"मंग ते यंत्र पंचायतीत ठिवा!" सरजाबाई म्हणाली.

विरूपाक्ष स्वामींनी चष्मा काढून पुसला. ते काही शूर नव्हते. दोन मुली लग्नाच्या होत्या आणि बदलीचं भय कायम मानेवर. पण इतकी माणसं आपल्या तोंडाकडे बघताना त्यांनी नोकरीत कधी पाहिली नव्हती. त्यांनी चुन्याची फक्की मागितली, विहाराच्या मागे गेले आणि गोल काढला.

"पॉइंट इथं आहे," ते म्हणाले, आणि थोडं थांबून, "मागच्या वर्षीही इथंच होता."

शेषेराव निघून गेले. जाताना हार मात्र गळ्यातच राहिला.

बोअरची गाडी लगेच आली नाही. कधी डिझेल नव्हतं, कधी रस्ता अरुंद होता. त्याच रस्त्यानं उसाच्या गाड्या बिनघोर जात होत्या. मग पंचशीलानं सरजाबाईला आणि आठ-दहा बायांना लातूरला नेलं. नव्या जिल्ह्याच्या कचेरीत बसायला खुर्च्या नव्हत्याच, त्यामुळे बाया साहेबांच्या दारात खालीच बसल्या आणि साहेबांना बाहेर पडायला जागा उरली नाही. गाडी आली. पाणी लागलं. हापसा बसला.

प्रकल्पाचा अहवाल जाड निघाला. गावकऱ्यांच्या विज्ञानावरील विश्वासात लक्षणीय वाढ झाली, असा निष्कर्ष होता. मुखपृष्ठावर प्राचार्यांचा फोटो, मागे ओझरता हापसा. पंचशीलाचं नाव आभारात, जीपच्या ड्रायव्हरनंतर, 'पंचफुला' असं छापलेलं. प्राचार्य दिल्लीला जाऊन बोलून आले आणि त्याच परिषदेच्या तज्ज्ञ समितीवर घेतले गेले. पंचशीलानं पुन्हा अर्ज केला, तेव्हा तिच्या प्रस्तावात चौकट कच्ची असल्याचा शेरा त्यांनी मारला. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून तो टाईप करून घेतला होता.

शिक्षा म्हणून विरूपाक्ष स्वामींची निलंग्याला बदली झाली. त्यांची सासुरवाडी तिथून जवळ होती. बायको खूश झाली.

पंचशीलानं त्यांना पत्र टाकलं: अनुदान नाही, पण सुट्टीच्या दिवशी तुमच्याबरोबर हिंडलं तर चालेल का? उत्तर आलं, या. निलंग्याच्या स्टँडवर ती उतरली तेव्हा जीप उभी होती. पुढच्या सीटवर सळयांचा भारा होता. स्वामींनी तो उचलून मागे टाकला आणि सीट झटकली.

"बसा, मॅडम," ते म्हणाले. "आज तीन गावं आहेत. आणि तिन्ही गावांचे सरपंच आधीच जेवायला बोलावून बसलेत."

तिनं वही काढली आणि आत बसली.