नव्या फोनची पूजा

गोरेगावहून जवळच्याच गोंदियाला जाणाऱ्या एसटीत नंदाबाईला खिडकीची जागा मिळाली होती, पण तिला बसवत नव्हतं. कधी पदर सारखा करी, कधी पिशवीत हात घाली. शेजारी अंजू मांडीवर खोकं घेऊन बसली होती. खोक्यात नवा फोन, बिल आणि वहीच्या कागदांवर लिहिलेल्या अर्जाच्या दोन प्रती.

"माय, तू कायले चुळबुळ करून राहिली? मी एकटी जाऊन आली असती."

"घरी काम नव्हतं," नंदाबाई म्हणाली. कामं ढीगभर पडली होती.

फोन घेऊन पाच दिवस झाले होते. धानाच्या रोवणीच्या हंगामात अंजू दीड महिना चिखलात वाकली, त्या मजुरीतून तिनं तो घेतला. दिसायला देखणा, पण अंजू बोलली की पलीकडे ऐकूच जात नसे. तिच्याकडे ब्लाऊज शिवायला टाकणाऱ्या बाया 'हॅलो, हॅलो' करून ठेवून देत.

अंजूला एक गोष्ट ठाऊक नव्हती. फोन घरी आला त्याच्या दुसऱ्या सकाळी, ती आंघोळीला गेली असताना, नंदाबाईनं त्याची पूजा केली होती. शिलाई मशीन असो की फवारणीचा पंप, घरात नवं काही आलं की हळदकुंकू लावायचं आणि फूल पाण्यात बुडवून दोन थेंब शिंपडायचे, ही तिची रीत. पंपाला पाण्यानं काय होणार? पण फोनवरचा एक थेंब खालच्या बारीक भोकात शिरताना तिनं पाहिला. घाईनं पदरानं सगळं पुसलं. तेव्हापासून तिला घास गोड लागत नव्हता. पोरीचा दीड महिना आपण दोन थेंबांत बुडवला!

गोंदियाच्या दुकानात दुकानदार इंद्रकुमारनं भिंग लावून त्या भोकात पाहिलं.

"पानी गया है इसमें. लाल लाल भी कुछ है. वारंटी खत्म. और बिल पर लिखा है, बिका हुआ माल वापस नहीं होगा."

"पाण्याचा थेंब नाही लागला याले!" अंजू ताडकन म्हणाली. "देवाची शपथ."

शपथ ऐकली आणि नंदाबाई खुर्चीवरून उठली. दारापर्यंत गेली, परत आली. गप्प राहावं तर पोरगी खोटी शपथ घेऊन बसली, बोलावं तर फोन गेला.

"शेठजी, तिले माहीत नाही. म्याच शिंपडलं पाणी. पूजा केली होती."

"लो! माँजी, मोबाइल है, ट्रॅक्टर थोड़ी है!" इंद्रकुमार हसला. बाजूचं गिऱ्हाईकही हसलं.

नंदाबाईनं मान खाली घातली. आता पोरगी चारचौघांत बोलणार. पण अंजूनं एवढंच विचारलं, "कोणत्या दिवशी, माय?"

"आणला त्याच्या दुसऱ्या दिवशी. शुक्रवारी."

"पक्कं?"

"पक्कं म्हणजे? उपास होता माझा."

अंजूनं फोनमधला एक मेसेज उघडून तो काउंटरवर ठेवला. "भैया, हे वाचा. गुरुवारी फोन घेतला आणि कव्हर इथंच राहिलं, म्हणून बसस्टँडवरून तुम्हाले लावला होता. तुमच्याच नंबरवरून मेसेज आला: 'मॅडम, आपकी आवाज नहीं आ रही, मेसेज कीजिए.' गुरुवार, पाच वाजून दहा मिनिटं. मले वाटलं, रेंज नसन. पाणी शुक्रवारचं, बिघाड गुरुवारचा."

"तो कंपनी से बात करो. हम सिर्फ बेचते हैं."

"पैसे तुम्ही घेतले, बिल तुमचं. काल मायच्या फोनवरून ग्राहक हेल्पलाइनले विचारलं मी, १९१५ वर. बिलावर मुदत नसन तर तीस दिवसांत खराब माल परत घ्या लागते. 'वापस नहीं होगा' छापलं म्हणून कायदा बदलत नाही. हा अर्ज घ्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच द्या. नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहेच. तिथं वकील बी लागत नाही."

मग तिनं पेन घेतलं आणि दोन्ही प्रतींवर खाली एक ओळ वाढवली: 'शुक्रवारी आईने पूजा करताना फोनवर पाणी शिंपडले.'

"हे काऊन लिहितेस, बाई?" नंदाबाईनं तिचं मनगट धरलं.

"झालं ते लिहून राहिली. त्याच्या वर यांचा मेसेजही लिहिला आहे."

इंद्रकुमारनं अर्ज दोनदा वाचला. पोच न देता तो आतल्या खोलीत गेला आणि कोणाशी तरी फोनवर बोलत राहिला. आवाज चढे, उतरे, शब्द काही कळत नव्हता. नंदाबाई बसली, उठली, पुन्हा बसली. तो बाहेर आला तेव्हा हातात नवं, सीलबंद खोकं होतं.

"बदलकर दे रहा हूँ," तो अर्जाकडे न बघता म्हणाला. "माँजी, इस पर पानी मत डालना."

अंजूनं बदलीची नोंद बिलावर करून घेतली, शिक्का मारून घेतला. मग नव्या फोनमध्ये सिम टाकून तो सुरू केला आणि ती रस्ता ओलांडून पलीकडे गेली. नंदाबाईच्या हातातला बटणांचा फोन वाजला.

"माय, ऐकू येऊन राहिलं का?"

"येऊन राहिलं."

"मग ठेवू?"

"ठेवू नको," नंदाबाई म्हणाली. फोन तिनं दोन्ही हातांनी कानाशी दाबून धरला होता. "त्या चौकापर्यंत जा. बोलत जा."