न्हाणीघरातला रेडिओ

कुवाबाराने नव्या वर्षाची पस्तीस शुभेच्छापत्रं रबरबँड लावून टेबलाच्या तळच्या खणात कोंबली. सगळी निशिवाकीची, एकही छापील नाही.

*

कंपनीच्या दर्शनी दालनात काचेच्या पेटीत हिनोकी लाकडाचा एक ठोकळा ठेवलेला आहे. साबणाच्या डबीएवढा.

*

सत्तावन्नाव्या वर्षीही निशिवाकीचे केस काळे आहेत. रंगवलेले नाहीत. कुवाबाराने जवळून, उजेडात, दोनदा खात्री करून घेतली आहे.

*

शुक्रवारी कॅन्टीनमध्ये करी-भात. अध्यक्ष असूनही निशिवाकी ताट घेऊन रांगेत उभा राहतो, म्हणून कुवाबारा शुक्रवारी घरून डबा आणतो.

*

‘एका संध्याकाळी न्हाणीघरात गरम पाण्यात बसले असताना निशिवाकी यांच्या मनात आलं, की इथे रेडिओ का नसावा?’ हे वाक्य कुवाबाराने सात वेळा लिहिलं आणि सात वेळा खोडलं.

*

कंपनीला साठ वर्षं पूर्ण होत होती आणि इतिहासाचा जाडजूड ग्रंथ निघायचा होता. असलं काम कोणत्याच विभागाला नको असलेल्या माणसांना देतात. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या खोलीत कुवाबारा होता आणि सूची करायला तोगाशी-सान. सातवं प्रकरण अध्यक्षांच्या कारकिर्दीचं.

कुवाबारा आणि निशिवाकी एकाच एप्रिलमध्ये, १९६९ साली, कंपनीत लागले. वसतिगृहात एकाच खोलीत राहिले. पुढे एकजण मुख्य अभियंता, संचालक, अध्यक्ष असा चढत गेला. दुसरा इतिहास लिहीत होता.

पण पाण्यात बसून विचार केला होता तो कुवाबाराने. टबाचं तडकलेलं झाकण कापून रेडिओचा पहिला नमुना म्हणून तो ठोकळाही त्यानेच केला होता. १९७८ च्या रेडिओच्या प्रस्तावावर आधी दोघांची नावं होती, मग एक कापलं गेलं. ते कोणी कापलं, याबद्दल कुवाबाराला सव्वीस वर्षांत एकदाही शंका आली नव्हती. तो कागद सापडला की रेघेसकट छापायचा, एवढ्यासाठीच त्याने हे प्रकरण मागून घेतलं होतं.

“तेरावी पेटी झाली,” तोगाशी-सान म्हणाल्या. “अध्यक्षांच्या सासऱ्यांनीही लग्नाआधी एवढी चौकशी केली नसेल.”

“तुम्ही सूची करा.”

“करते. धुळीने तुम्ही आजारी पडलात की तुमचीही करीन.”

कागद चौदाव्या पेटीत निघाला. उजव्या कोपऱ्यात शिक्क्यांची रांग होती. साहेबाचा शिक्का ताठ आणि बाकीचे त्याच्या दिशेने किंचित कललेले, वाकून नमस्कार केल्यासारखे. तेव्हा तसेच मारायचे. खाली प्रस्ताव मांडणाऱ्यांची नावं. दुसऱ्या नावावर दुहेरी रेघ.

रेघेवर खोडणाऱ्याचा छोटा लाल शिक्का होता. कुवाबारा. इतका कललेला, की जवळजवळ आडवा. समासात लिहिलं होतं, ‘दोन अक्षरं वगळली.’ जपानी लिपीत त्याच्या नावात दोनच अक्षरं. हस्ताक्षरही त्याचंच.

त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग कागद फायलीत ठेवून फाइल बंद केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी निशिवाकी स्वतः खाली आला. तोगाशी-सान चहा करायला उठल्या आणि बराच वेळ परतल्या नाहीत.

“काय रे, सातव्या प्रकरणात अजून जिवंत आहे ना मी?”

“अजून मुख्य अभियंतासुद्धा झाला नाहीस.”

“लवकर कर. गुडघे गेलेत माझे.” तो खुर्चीवर सांभाळून बसला. थोडा वेळ खिडकीबाहेरच्या गाड्यांकडे बघत राहिला. “तो रेडिओ तुझ्या नावावर लिही.”

कुवाबाराने पेन्सिल सरळ करून ठेवली.

“ठोकळा तुझा होता. मी आपला भाषणात पाण्यात बसतो, लोक हसतात. पुस्तकात खरं असू दे.”

“कागदपत्रं वेगळं सांगत असतील तर?”

“कागद कोण बघतं? असलाच एखादा, तर फाडून टाक.”

हे म्हणताना त्याने फाइलकडे पाहिलं नाही. ती टेबलावर मधोमध होती, वर कुवाबाराचा तळवा होता, आणि निशिवाकी तेवढी जागा सोडून सगळीकडे बघत होता.

निशिवाकीजवळच्या एकेका गोष्टीचा हिशेब कुवाबाराने ठेवला होता. केस, घर, मुलांची लग्नं, ड्रायव्हरशी बोलतानाचा आवाज. सगळं माहीत असून इतकी वर्षं न बोलणं, ही एक गोष्ट नजरेतून सुटली होती, आणि आता तीच सगळ्यांत जास्त खुपत होती.

“बघतो,” तो म्हणाला.

“बघ,” निशिवाकी म्हणाला आणि टेबलाला धरून उठला.

दुपारी कुवाबाराने ते वाक्य आठव्यांदा लिहिलं. गरम पाण्यात निशिवाकीच बसला. या वेळी त्याने खोडलं नाही. वाक्य संपवून पेन्सिल इतक्या जोरात टेकवली, की टोक मोडलं.

“हा फोटोसाठी पाठवायचा?” तोगाशी-सान फाइल उघडून कागदाकडे बघत होत्या.

“नको.”

“यावर तुमचं नाव—”

“पेटीत ठेवा. सूचीत घेऊ नका.”

त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, मग फाइलची दोरी बांधली.

१९७९ च्या जूनमध्ये वाफ आत शिरून पहिल्या खेपेतले तीन हजार रेडिओ परत आले, तेव्हा प्रस्तावावर नाव उरलेल्या एकट्या निशिवाकीला दोन वर्षांसाठी दूर उत्तरेतल्या आसाहिकावाच्या गोदामात पाठवलं गेलं आणि त्याचं टेबल कुवाबाराला मिळालं.