चिचुंद्रीचं कूळ

आजारातून उठलेल्या मामाला संग्रहालय बघायचं होतं, आणि भाचीची पंचाईत झाली.

ती तिथली सस्तन प्राण्यांची विभागप्रमुख. आईबापामागे याच मामानं तिला वाढवलं, हातात कवट्या देऊन दात ओळखायला शिकवलं. आफ्रिकेतल्या लांब नाकाच्या एका इवल्या चिचुंद्रीला त्यानं दातांवरून कीटकखाऊंच्या गटात बसवलं होतं आणि त्यापायी उभी हयात घालवली होती. पुढे डीएनए तपासणी आली. पोटात वारेवर पिल्लं पोसणाऱ्या सस्तन प्राण्यांची चार मोठी कुळं ठरली, आणि चिचुंद्री थेट हत्तीच्या कुळात गेली. तिच्या कवट्यांचा कप्पा भाचीनंच हत्तीच्या कपाटात हलवला. मामाला मात्र तिनं ताकास तूर लागू दिली नाही. या वयात कशाला त्याच्या जिवाला घोर, म्हणे!

आता तर तिनं कप्पा गुपचूप जुन्या कपाटात आणला, त्यावर जुनी चिठ्ठीही डकवली. शहाणी माणसं मायेपोटी वेड्यासारखी वागतात ती अशी.

मामा काठी टेकत आला, स्टुलावर बसला. कप्पा मांडीवर घेऊन त्यानं चिठ्ठीवरून बोट फिरवलं आणि थांबला.

“डिंक ओला आहे.”

“जुनी चिठ्ठी सुटली होती, मामा.”

“थापा मारू नकोस. तुला लहानपणीही जमायचं नाही. हत्तीकडे गेली ना ही? मला कधीच कळलंय. शेजारच्या मास्तरांकडून सगळं वाचून घेतलं.”

तिचा चेहरा खर्रकन उतरला. “तुला त्रास होईल म्हणून...”

“झालाच की. जेवण गेलं नाही दोन दिवस. पण दर रविवारी वाटायचं, आज पोरगी भांडायला येईल. तू यायचीस आणि विचारायचीस, गोळ्या घेतल्यास का.” त्याचा आवाज फाटला. “मी चुकलो असेन. पण मी संपलो, हे तू परस्पर ठरवून टाकलंस.”

तिला रडू आवरेना. आपण याला जपलं नाही, एकटं पाडलं, हे तिला आता कळलं.

मामानं कप्पा तिच्यापुढे सरकवला. “हे दात मला अजून पटू देत नाहीत. पटव मला.”

तिनं डोळे पुसले, दुसरं स्टूल ओढलं आणि त्याच्यासमोर बसली.

“दात फसवतात, मामा,” ती कापऱ्या आवाजात म्हणाली. “खाणं सारखं, म्हणून दात सारखे. तेवढ्यावरून तू नातं जोडलंस, तिथेच चुकलास.”

मामा भांडायला सरसावून ताठ बसला.